लार्ज फॉरमॅटसाठी स्टुडिओ लाइट निवडताना: दुकानात जाण्याआधीचं गणित

लार्ज फॉरमॅटची, म्हणजे ४×५ किंवा ८×१० इंचांच्या एकेका शीटवर घेतलेली, पण उजेड कमी पडल्याने काचेसारखी पारदर्शक निगेटिव्ह घेऊन कुणी आलं की मी लाइट कोणता होता ते आधी विचारत नाही, अ‍ॅपर्चर किती होतं ते विचारते. उत्तर बहुतेक वेळा एफ/२२ किंवा एफ/३२ असतं. आणि लाइट? डिजिटल कॅमेऱ्यासाठी कधीतरी घेतलेला, दोनशे वॉट-सेकंदांचा (हे फ्लॅशच्या ताकदीचं माप) फ्लॅशचा जोड. डिजिटलवर तो एफ/८ ला छान पुरत होता. एफ/८ वरून एफ/२२ वर गेलात की तेवढ्याच एक्स्पोजरसाठी आठपट उजेड लागतो, आणि हे आठपट कुणीच आधी मोजलेलं नसतं.

चूक लाइटची नसते, क्रमाची असते. आधी किट घ्यायचं, मग सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), मग फिल्म, आणि अ‍ॅपर्चर सगळ्यात शेवटी, ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्यामागची दुधी काच, जिच्यावर प्रतिमा दिसते) डोकं झाकून उभं राहिल्यावर. हा क्रम उलटा करा. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडा. पहिल्या तीन टप्प्यांना फक्त वही, पेन आणि मोजपट्टी लागते, चौथ्याला एक उसना फ्लॅश आणि फ्लॅश मीटर.

## टप्पा १: विषय ठरवा, त्यावरून अ‍ॅपर्चर काढा

‘सगळंच करणार’ हे उत्तर चालणार नाही. येत्या वर्षात सर्वाधिक काय टिपणार ते एक ठरवा: एकट्या माणसाचं पोर्ट्रेट, टेबलावरची वस्तू, की घरातल्या माणसांचा गट.

पोर्ट्रेटचं उदाहरण घेऊ. ४×५ कॅमेरा, २१० मिमी लेन्स, माणूस दीड मीटरवर. उभ्या चौकटीत डोक्यापासून छातीच्या खालपर्यंत येतो. या अंतरावर पुढून मागे साधारण किती अंतर फोकसमध्ये राहतं ते पाहा:

एफ/५.६ ला सुमारे ५ सेंमी
एफ/११ ला सुमारे १० सेंमी
एफ/१६ ला सुमारे १४ सेंमी
एफ/२२ ला सुमारे १९ सेंमी

नाकाच्या टोकापासून कानापर्यंतच अंदाजे १२ सेंमी जातात. शिवाय फोकस केल्यावर तुम्ही होल्डर (फिल्मची शीट धरणारी चपटी पेटी) घालून डार्क स्लाइड (तिच्यावरचं सरकतं झाकण) काढेपर्यंत माणूस दोन-तीन सेंमी तरी पुढेमागे होतोच. म्हणून एफ/१६ म्हणजे काठावर पास आणि एफ/२२ म्हणजे निर्धास्त. एफ/५.६ ला एकच डोळा तीक्ष्ण ठेवणारं पोर्ट्रेट तुम्हाला हवं असेल तर जरूर करा, पण ते ठरवून करा. लाइट कमी पडला म्हणून नव्हे.

८×१० वर तीच चौकट हवी असेल तर एफ/२२ ला जेमतेम ११ सेंमी मिळतात. तिथे एफ/३२ पासून सुरुवात करा. टेबलावरच्या वस्तूंना एफ/३२ धरा. गटाच्या फोटोत माणसं चार मीटर दूर असतात, त्यामुळे दोन ओळींना एफ/२२ पुरतं.

तपासणी: वहीत एकच आकडा लिहिलेला असला पाहिजे. ‘एफ/१६ ते एफ/४५’ असं लिहिलं असेल तर विषय अजून ठरलेला नाही.

## टप्पा २: बेलोजने खाल्लेला उजेड मोजा

लहान कॅमेऱ्यावरून आलेले लोक हा टप्पा हमखास विसरतात, कारण त्यांच्या कॅमेऱ्यातलं मीटर हे काम गुपचूप करत होतं. इथे ते तुम्हीच करायचं.

बेलोज म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा भाता. लेन्सबोर्डपासून (लेन्स बसवलेल्या पाटीपासून) ग्राउंड ग्लासपर्यंतचं अंतर मोजपट्टीने मोजा. त्याला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागा. आलेल्या आकड्याचा वर्ग करा. तितकेपट जास्त उजेड लागेल.

आपल्या पोर्ट्रेटमध्ये बेलोज साधारण २४४ मिमी उघडतो. २४४ भागिले २१० म्हणजे १.१६, त्याचा वर्ग १.३५. म्हणजे जवळजवळ अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). लेन्सवर एफ/२२ ठेवायचं, पण मीटरवर मात्र एफ/२२ च्या अर्धा स्टॉप पुढे, म्हणजे एफ/२७ च्या आसपास रीडिंग आलं पाहिजे.

वस्तू जवळून टिपताना हा आकडा भराभर वाढतो. देवघरातली वीतभर उंचीची पितळी समई निम्म्या आकारात फिल्मवर घ्यायची असेल तर १५० मिमी लेन्सचा बेलोज २२५ मिमीवर जातो. १.५ चा वर्ग २.२५, म्हणजे सव्वा स्टॉपला थोडा कमी. तिचा एखादा भाग खऱ्या आकारात घेतला तर पूर्ण दोन स्टॉप.

सावधान: टेलिफोटो बांधणीच्या लेन्सला ही रीत सरळ लागू पडत नाही. तिथे ग्राउंड ग्लासवर वस्तूची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या किती पट आहे ते मोजून त्या लेन्सच्या तक्त्यावरून हिशेब करा.

## टप्पा ३: फिल्म आधी ठरवा

फिल्मचा वेग म्हणजे फुकटात मिळणारा लाइट. आयएसओ १०० ऐवजी ४०० घेतली की दोन स्टॉप, म्हणजे चौपट ताकदीचा फ्लॅश घेतल्यासारखं. ४×५ च्या निगेटिव्हवरून घरगुती आकाराची प्रिंट काढताना इलफर्ड एचपी५ प्लस या ४०० च्या फिल्मचा कण डोळ्याला खुपत नाही. तरी ‘लार्ज फॉरमॅट आहे, मग फिल्म शंभरचीच हवी’ हा हट्ट लोक धरतात आणि मग त्या हट्टापायी दुप्पट-चौपट मोठा लाइट घेतात. पोर्ट्रेटसाठी माझा स्पष्ट सल्ला ४०० चा. वस्तू हलत नाहीत, त्यांना १०० किंवा १२५ ची फिल्म खुशाल वापरा.

एक्स-रे फिल्म स्वस्त पडते म्हणून सराव तिच्यावर करणारे बरेच आहेत. ती लाल रंगाला आंधळी असते. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात तिचा वेग खूप घसरतो आणि त्वचा डागाळलेली, काळपट येते. फ्लॅशचा उजेड दिवसाच्या उजेडासारखा असल्याने तिथे तिचं बरं जमतं. म्हणजे फिल्म ठरल्याशिवाय लाइटचा प्रकारही ठरत नाही.

## टप्पा ४: आता वॉट-सेकंद काढा

पेटीवर लिहिलेला गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) उघड्या रिफ्लेक्टरचा असतो. सॉफ्टबॉक्स लावला की दीड ते अडीच स्टॉप जातात, वर जाळी लावली की आणखी एखादा. त्यामुळे गाइड नंबरवर विसंबू नका. एखादा फ्लॅश एका दिवसासाठी भाड्याने किंवा ओळखीतून आणा, तुमचाच सॉफ्टबॉक्स लावा, तुमच्याच अंतरावर ठेवा आणि फ्लॅश मीटरने मोजा. पांढरा घुमट विषयाच्या जागी धरून कॅमेऱ्याकडे वळवा. एवढं एक खरं रीडिंग मिळालं की बाकी गुणाकार.

समजा ४०० वॉट-सेकंदांचा हेड (म्हणजे स्टुडिओ फ्लॅशचा दिवा) ९० सेंमी सॉफ्टबॉक्समधून दीड मीटरवर आयएसओ १०० ला एफ/१६ देतो. आपल्याला हवंय एफ/२७. फरक दीड स्टॉपचा. प्रत्येक स्टॉपला ताकद दुप्पट, म्हणून ४०० चे सुमारे ११३० होतात. बाजारात १२०० चा मिळेल.

तेच पोर्ट्रेट आयएसओ ४०० वर? दोन स्टॉप वाचले. आता आयएसओ १०० च्या हिशेबात एफ/१३ पुरे, आणि आपला ४०० चा हेड अर्धा स्टॉप शिल्लक ठेवून काम करतो. एका फिल्मच्या निर्णयाने खर्च किती बदलला ते पाहा.

८×१० वर, एफ/३२ आणि बेलोजचा पाऊण-एक स्टॉप धरून, आयएसओ १०० ला हाच हिशेब २८०० वॉट-सेकंदांच्या घरात जातो. आयएसओ ४०० ला ७०० मध्ये भागतं.

आता गट. चवथीला गावच्या घरी सगळे जमतात आणि फोटोचा आग्रह तेव्हाच होतो. लाइट तीन मीटरवर न्यावा लागतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, म्हणजे आपला ४०० चा हेड एफ/१६ वरून थेट एफ/८ वर. आयएसओ ४०० ची फिल्म धरली तरी एफ/२२ साठी एक स्टॉप कमी पडतो, म्हणून ८०० हवेत. इथे सॉफ्टबॉक्सऐवजी पांढरी छत्री लावलीत तर थोडा उजेड वाचतो आणि तो सगळ्यांवर सारखा पसरतो.

वस्तूंसाठी मोठा लाइट घेण्याची गरजच नसते. खोली पूर्ण अंधारी करा, शटर बी किंवा टी वर उघडं ठेवा आणि फ्लॅश पुन्हा पुन्हा मारा. दोन वेळा म्हणजे एक स्टॉप, चार वेळा म्हणजे दोन, आठ वेळा म्हणजे तीन. मात्र प्रत्येक वेळी रेडी दिवा लागल्यावरही क्षणभर थांबा, आणि मॉडेलिंग लॅम्प (फोकस करता यावा म्हणून फ्लॅशमध्येच बसवलेला, सतत जळणारा दिवा) बंद असल्याची खात्री करा. उघड्या शटरसमोर तो सतत जळत राहिला तर त्याचा पिवळा उजेडही मोजला जातो.

तपासणी: काढलेल्या आकड्यात एक स्टॉप वरकड धरा. फ्लॅश कायम पूर्ण ताकदीवर चालवावा लागत असेल तर तो अपुरा आहे.

नेहमीची चूक: २०० चे तीन हेड म्हणजे ६०० असं समजणं. ते तीन ठिकाणी तीन कामं करतात. चेहऱ्यावरचं अ‍ॅपर्चर मुख्य लाइट एकटाच ठरवतो. पैसे एकाच मोठ्या हेडमध्ये घाला. सावलीची बाजू उजळायला थर्माकोलचा पांढरा पत्रा पुष्कळ झाला.

## टप्पा ५: फ्लॅश की एलईडी

एलईडी दिसायला सोपा. जे दिसतं तेच येतं, सिंकची, म्हणजे शटर आणि फ्लॅश एकाच क्षणी जुळवण्याची, भानगड नाही. पण पेटीवरचे वॉट हे विजेचे असतात, उजेडाचे नव्हे. दुकानदाराला वॉट विचारू नका, सॉफ्टबॉक्स लावून दीड मीटरवर किती लक्स मिळतात ते विचारा. त्याला सांगता येत नसेल तर मीटर घेऊन जा आणि तिथेच मोजा.

समजा २५०० लक्स मिळाले. आयएसओ १०० ला एफ/२२ वर त्याचं एक्स्पोजर अर्धा सेकंद होतं, बेलोजचा हिशेब वेगळाच. आयएसओ ४०० ला १/८ सेकंद. अर्धा सेकंद स्तब्ध बसणं मोठ्या माणसालाही जमत नाही, कारण श्वास चालू असतो. १/८ ला दहातल्या काही शीट जमतात, काही वाया जातात. शीटची किंमत पाहता हा जुगार मी खेळत नाही.

वस्तूंसाठी मात्र एलईडी उत्तम. फक्त एक सेकंदाच्या पुढे गेलात की फिल्मचा वेग मंदावतो, त्याची भरपाई करा. इलफर्डने एचपी५ प्लससाठी दिलेला घात (मीटरने सांगितलेल्या सेकंदांना लावायचा) १.३१ आहे, १२५ च्या एफपी४ प्लससाठी १.२६. म्हणजे मीटरने १० सेकंद सांगितले तर एचपी५ ला सुमारे २० आणि एफपी४ ला सुमारे १८ सेकंद द्यायचे. आणि पंखा बंद करा. टांगलेलं पार्श्वभूमीचं कापड हलताना नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण २० सेकंदांत ते निगेटिव्हवर धुरकट होतं.

वेट प्लेट कोलोडियनचा (काचेवर किंवा पत्र्यावर रसायन ओतून ओलं असतानाच फोटो घेण्याची जुनी रीत) विचार असेल तर एलईडी बाजूलाच ठेवा. कोलोडियनला निळा आणि अतिनील उजेड लागतो, आणि साध्या पांढऱ्या एलईडीत अतिनील जवळपास नसतोच.

## टप्पा ६: मॉडेलिंग लॅम्प पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका

खरेदीच्या यादीत हा मुद्दा कुणाच्याच नसतो, आणि नंतर रोज तोच छळतो. तुमची लेन्स पूर्ण उघडली तरी एफ/५.६. ग्राउंड ग्लासवर प्रतिमा उलटी, कडेला काळोखी, आणि तुम्ही काळ्या कापडाखाली लूप (छोटं भिंग) लावून पापणीचा केस शोधताय. तो केस दिसतो मॉडेलिंग लॅम्पच्या उजेडात, फ्लॅशच्या नव्हे. फ्लॅश कितीही ताकदवान असला आणि मॉडेलिंग लॅम्प दहा वॉटचा एलईडी असला, तर दुहेरी पडद्याच्या सॉफ्टबॉक्समधून काहीही दिसणार नाही.

हॅलोजनचा १५० ते २५० वॉटचा मॉडेलिंग लॅम्प असलेला जुना हेड या कामात नव्या चकचकीत बॅटरी हेडपेक्षा सरस ठरतो. त्याची किंमत मात्र उष्णतेत मोजावी लागते. एप्रिल-मेमध्ये फोंड्याच्या माझ्या खोलीत असे दोन दिवे लावले की पाच मिनिटांत समोरच्याच्या कपाळावर घाम चमकतो, आणि ४×५ वर तो थेंब थेंब मोजता येतो. म्हणून दिवा फक्त फोकसपुरता पूर्ण लावा. चौकट जुळवताना मंद ठेवा. सॉफ्टबॉक्सचं कापड हॅलोजनची उष्णता सहन करणारं आहे आणि वर हवा जायला झडप आहे, हेही पाहा.

बॅटरीवरचाच हेड घ्यायचा असेल तर फोकससाठी एक वेगळा, साधा एलईडी दिवा सोबत ठेवा आणि फोटो घेताना विझवा. आणखी एक उपाय: समोरच्याच्या हातात छोटी टॉर्च द्या, ती डोळ्याच्या शेजारी, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायला सांगा. त्या बिंदूवर लूपने फोकस करा. अंधाऱ्या खोलीतही चुकत नाही.

तपासणी: दुकानात सॉफ्टबॉक्स लावून फक्त मॉडेलिंग लॅम्पच्या उजेडात आयएसओ १०० चं रीडिंग घ्या. दोन हेडमध्ये निवड अडली असेल तर जिथे हे रीडिंग जास्त, तो घ्या.

## टप्पा ७: शटर आणि सिंक

लार्ज फॉरमॅट लेन्समध्येच बसवलेलं लीफ शटर सगळ्या वेगांना फ्लॅशशी जुळतं. कोपाल कंपनीच्या शटरांपैकी कोपाल ० चा सर्वाधिक वेग १/५००, कोपाल १ चा १/४००, कोपाल ३ चा १/१२५. जुळतं म्हणून १/५०० वर मात्र जाऊ नका. मोठा हेड पूर्ण ताकदीवर मंद विझतो, आणि शटर लवकर मिटलं की त्याची शेपटी कापली जाते. १/६० किंवा १/१२५ ठेवा. एफ/२२ ला एवढ्या वेगात खोलीतला इतर उजेड नोंदला जात नाही.

जुन्या शटरवर एम आणि एक्स अशी खूण असलेली छोटी कळ असते. ती एक्सवरच हवी. एम ही जुन्या फ्लॅशबल्बसाठी आहे. त्या जागी संपर्क आधी जुळतो, फ्लॅश लखलखून विझतो आणि शटर त्यानंतर उघडतं. फिल्म कोरी. व्ही ही खूण सेल्फ-टायमरची, तिला हात लावू नका. जुन्या शटरमध्ये ती अडकली की सगळं शटर अडकतं.

चाचणी अशी करा. मागची ग्राउंड ग्लासची चौकट काढा, लेन्स पूर्ण उघडा, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे वळवा, फ्लॅशही भिंतीकडेच. मागून लेन्समधून पाहत १/१२५ ला शटर मारा. पूर्ण गोल उजळलेला दिसला तर सिंक ठीक. अंधार किंवा तुटका आकार दिसला तर कळ आणि केबल तपासा. फ्लॅशच्या तोंडाकडे थेट पाहू नका.

फ्लॅशला जोडायची पीसी केबल हा या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा. रेडिओ ट्रिगर घ्या, आणि त्याच्यापासून शटरपर्यंतची छोटी केबल एक जास्तीची ठेवा. जुन्या हेडच्या सिंक तारेवर मोठं व्होल्टेज असू शकतं. रेडिओ ट्रिगर मधे असला की ते शटरच्या नाजूक संपर्कांपर्यंत पोचत नाही.

## टप्पा ८: सॉफ्टबॉक्स, स्टँड आणि भिंती

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. बोवेन्स माउंट (सॉफ्टबॉक्स अडकवायची बोवेन्स कंपनीची जोडणी) असलेला हेड घ्या. ती कंपनी २०१७ मध्ये बंद झाली तरी तो माउंट सगळीकडे चालतो आणि सॉफ्टबॉक्स स्वस्तात मिळतात. पोर्ट्रेटला ९० ते १२० सेंमी पुरे. पितळ, तांबं, काच यांच्यात उजेडाचा आकारच दिसतो, म्हणून तिथे सॉफ्टबॉक्सपुढे आणखी एक मोठा पडदा ताणा. धुतलेलं पांढरं मांजरपाट त्यासाठी छान. स्टँड मात्र जड घ्या आणि पायावर वाळूची पिशवी ठेवा. कॅमेरा, ट्रायपॉड, काळं कापड आणि तुम्ही, इतक्या अडचणीत स्टँडला धक्का बसतोच.

भिंतींकडे लक्ष द्या. गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंतीवरून परतणारा उजेड तांबूस असतो. ब्लॅक अँड व्हाइटला फरक पडत नाही, रंगीत फिल्मवर गालाची सावली विटकरी होते. त्या बाजूला पांढरी चादर टांगा. जुन्या घरांचं छत उंच असतं, तिथे लाइट वरून आणता येतो. म्हापसा-पणजीच्या फ्लॅटमध्ये छत आडवं येतं, तेव्हा फार उंच सॉफ्टबॉक्स घेऊन उपयोग नाही.

आणि लेन्सला हूड हवंच. या लेन्स फिल्मपेक्षा मोठं वर्तुळ प्रकाशित करतात. उरलेला उजेड बेलोजच्या आत घुटमळतो आणि काळ्या रंगांना राखाडी करतो. सॉफ्टबॉक्सचा उजेड थेट लेन्सवर पडत असेल तर मधे काळा पुठ्ठा धरा.

## टप्पा ९: वीज आणि दमट हवा

फ्लॅश पुन्हा भरताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतो. पंधरा अँपियरच्या सॉकेटमधूनच जोडा, अर्थिंग आहे ना ते वायरमनकडून बघून घ्या, आणि बारीक वायरचा लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. संध्याकाळी व्होल्टेज पडतं अशा वाड्यावर फ्लॅश हळू भरतो. तिथे रेडी दिव्यावर भरवसा न ठेवता दोन सेकंद जास्त थांबा. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर फ्लॅश चालवू नका. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवरचा हेड हाच सरळ मार्ग, टप्पा ६ मधल्या दिव्याची सोय करून.

जुना माल मुंबईला बोरा बाजारातून किंवा परदेशातून आणताना मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज वाचा. फक्त ११० ते १२० व्होल्टचा अमेरिकी हेड आपल्या २३० व्होल्टवर लावला की तिथेच संपला. त्याची फ्लॅश ट्यूब आज मिळते का, हेही आधीच विचारा.

पावसाळ्यात चार महिने पडून राहिलेला फ्लॅश थेट पूर्ण ताकदीवर मारू नका. आतले कपॅसिटर वापराविना कमजोर होतात. सर्वांत कमी ताकदीवर चालू करून तासभर ठेवा, मग काही वेळा मारा, मग हळूहळू वर जा. खरं तर महिन्यातून एकदा तरी असं चालवावं. सॉफ्टबॉक्स पूर्ण सुकल्याशिवाय पिशवीत घालू नका, बुरशीचे ठिपके कापडावरून जात नाहीत. लेन्स सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा. फ्रिजमधली फिल्म बाहेर काढल्यावर पाकीट न फोडता काही तास ठेवा, नाहीतर शीटवरच दव धरतं.

सावधान: फ्लॅश हेड कधीही उघडू नका. प्लग काढून ठेवला असला तरी कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरलेला असतो. हे काम करणाऱ्या माणसाकडेच द्या.

## टप्पा १०: पहिल्या दोन शीट

आता हा क्रम कागदावर लिहून ट्रायपॉडला बांधा. मी अजूनही बांधते.

१. शटर उघडं, लेन्स पूर्ण उघडी, मॉडेलिंग लॅम्प पूर्ण. चौकट आणि फोकस.
२. बेलोज मोजा, भरपाई काढा.
३. विषयाच्या जागी मीटर धरून फ्लॅशचं रीडिंग. भरपाईसकट आकडा जुळेपर्यंत ताकद किंवा अंतर बदला.
४. शटर बंद करा. अ‍ॅपर्चर लावा. वेग १/६०. शटर कॉक करा.
५. रिकाम्या कॅमेऱ्यावर एकदा मारून फ्लॅश पेटतो का पाहा. पुन्हा कॉक करा.
६. होल्डर घाला. लेन्स बंद आहे ना, हे समोर जाऊन डोळ्यांनी पाहा.
७. डार्क स्लाइड काढा. माणूस जागेवर आहे का पाहा. मारा.
८. डार्क स्लाइड उलटी, काळी बाजू बाहेर करून घाला.

चौथ्या आणि सहाव्या पायरीत सर्वाधिक शीट जातात. शटर उघडं राहून डार्क स्लाइड निघाली की शीट गेली. अ‍ॅपर्चर लावायचं राहिलं तर निगेटिव्ह चार स्टॉप काळी होते.

सातव्या पायरीत माणूस जागेवर राहावा यासाठी पाठीला टेकण असलेली खुर्ची द्या, आणि एक दोरा वापरा. दोऱ्याचं एक टोक लेन्सबोर्डशेजारी बांधा. फोकस झाल्यावर दुसरं टोक माणसाच्या गालाच्या हाडापर्यंत ताणून तिथे गाठ मारा. मारण्याआधी गाठ पुन्हा हाडाला लावून पाहा, मग दोरा चौकटीबाहेर सोडा. डिचोलीला माझ्या काकूंचा फोटो घेताना त्या पहिल्या दोन्ही शीटना, मी ‘काकू, आता हलू नका हां’ म्हणाले की बरोबर तेव्हाच नीट सावरून ताठ बसायच्या आणि पाठ मागे जायची. दोरा लावल्यावर तिसरी शीट पापणीपर्यंत तीक्ष्ण आली.

पहिल्या शीटला मोजलेलं एक्स्पोजर द्या, दुसरीला एक स्टॉप जास्त. दोन्ही एकाच टाकीत, एकाच वेळेत डेव्हलप करा. पहिलीच्या गडद भागात, केसांत किंवा काळ्या कापडाच्या घडीत, तपशील दिसत असेल तर तुमचा हिशेब बरोबर आहे. तपशील फक्त दुसरीत दिसत असेल तर पुढच्या वेळी फिल्मचा वेग मीटरवर निम्मा लावा, म्हणजे ४०० ऐवजी २००, आणि टप्पा ४ चा गुणाकार त्या आकड्याने पुन्हा करा. दोन्ही कोऱ्या असतील तर टप्पा ७ ची कळ पाहा.

प्रत्येक शीटसाठी वहीत फिल्म, लेन्स, बेलोज, लाइटचं अंतर, ताकद, मीटरचं रीडिंग आणि लेन्सवरचं अ‍ॅपर्चर लिहा. दुसरा हेड घ्यायचा का, हा प्रश्न अशी वीस पानं भरल्यावर त्या वहीलाच विचारा.